करड्या घरातला दलाल

पटावरचा नवा खेळ काढायला काय लागतं? पट, सोंगट्या आणि थोडं डोकं, असं कुणीही सांगेल. आमचा अनुभव वेगळा आहे. खेळ काढायला भांडणारी दोन माणसं लागतात आणि ते भांडण बघायला चार. बाकीचं सामान घरच्या अडगळीत निघतं. या हिशेबानं माधवनगरात आजवर एखादा जगप्रसिद्ध खेळ निघाला नाही, हेच नवल म्हणायचं.

मुलूखच तसा आहे. 1801 साली चिंतामणराव पटवर्धनांचं मिरजेत चुलत्यांशी पटेना, तेव्हा ते उठले आणि सांगलीला येऊन त्यांनी वेगळं संस्थान थाटलं. पुढं मिरजेच्याही वाटण्या झाल्या. थोरली पाती मिरजेत राहिली, धाकट्या पातीची राजधानी आमच्या शेजारी बुधगावला आली. कुरुंदवाडातही थोरली आणि धाकटी पाती झालीच. इतर ठिकाणी राजाला शह बसतो, मात होते, डाव संपतो. आमच्याकडं राजाचा पुतण्या म्हणतो, ‘हा पट तुम्हाला राहू दे, मी दुसरा मांडतो.’ तेव्हा आमच्या अण्णांनी जे केलं त्याला ऐतिहासिक आधार होता, एवढंच मला म्हणायचंय.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. उभं आयुष्य यंत्रमागावर जॉबर म्हणून गेलं. हे पद ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो: माग बिघडला की कामगार, कारखानदार आणि भिंतीवरचा देव हे तिघंही ज्याच्या तोंडाकडं बघतात तो जॉबर. निवृत्तीनंतर दुरुस्त करायला माग उरले नाहीत, म्हणून त्यांनी घरातली माणसं हाती घेतली. त्यातला सगळ्यात नवा, वॉरंटीतला नग म्हणजे त्यांचा नातू.

नातू मोबाइलवर बुद्धिबळ शिकलेला. अण्णा वडिलांकडून शिकलेले, म्हणजे देशी पद्धतीनं. त्या पद्धतीत प्यादं बापजन्मी दोन घरं जात नाही. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरं उडी मारायची मुभा. प्यादं पलीकडच्या काठाला लागलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच मोहरं होणार, वाट्टेल तेव्हा वजीर मागायचा नाही. हे नियम प्रांताप्रांतात थोडेफार बदलायचे, पण ‘आमच्यात असंच असतं’ हा मुख्य नियम सगळीकडं सारखा.

तर ओट्यावर नातवाच्या नियमांनी डाव चालला होता आणि नातवानं अण्णांचं एक प्यादं उचललं.

“हे कुणी मारलं?”

“मी. जाता जाता.”

“तू तर शेजारच्या घरात गेलास. माझ्या प्याद्याच्या घरात पाऊलसुद्धा टाकलं न्हाईस.”

“आजोबा, तुमचं प्यादं दोन घरं आलं ना? एकच घर आलं असतं तर मी मारलं असतं. म्हणून आता मारलं.”

“म्हणजे ते जिथं गेलंच न्हाई, तिथं मेलं?”

“नियम आहे.”

अण्णांनी पट उधळला नाही. तसा त्यांचा स्वभाव नाही. बिघाड कुठं आहे हे बघण्यासाठी ते तासभर पटाकडं नुसते बघत बसले. आणि खरं सांगायचं तर त्यांना तो सापडलासुद्धा. युरोपात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची सवलत दिली, कारण डाव फार रेंगाळत होते. सवलत दिल्यावर प्यादी शत्रूच्या डोळ्यांदेखत निसटायला लागली. मग निसटलेल्याला पकडायला हा नियम आला. एक दुरुस्ती केली, तिच्यानं दुसरीकडं आवाज यायला लागला, मग तिथं पाचर ठोकली. अण्णा म्हणाले, “हा खेळ कुणी काढलेला न्हाई. ह्याला जॉबर लोकांनी चालू ठेवलाय.”

बुद्धिबळाच्या इतिहासावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण मला या वाक्यापेक्षा जास्त त्यांत काही सापडलेलं नाही. डाव कोंडला, म्हणजे राजाला शह नाही पण हलायलाही जागा नाही, तर काय करायचं, याचंच बघा. आज आपण बरोबरी म्हणतो. इंग्लंडात मात्र सतराव्या-अठराव्या शतकात कोंडी करणाराच हरला असं धरत. एवढं वरचढ असून मात करता येत नाही म्हणजे चूक तुझीच! हा निकाल बदलायला दोनशे वर्षं लागली आणि तेवढ्या काळात किती ओट्यांवर किती हमरीतुमरी झाली असेल, ती कुणी लिहून ठेवलेली नाही.

आपल्याकडं ती लिहून ठेवायची जबाबदारी योग्य माणसावर पडली होती. सतराव्या शतकातले नीलकंठ भट्ट मूळच्या पैठणच्या, काशीला स्थायिक झालेल्या घराण्यातले. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ वारसा आणि वाटणीच्या बाबतीत मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी प्रमाण मानला. तो ज्या ‘भगवंतभास्कर’ या मोठ्या ग्रंथाचा भाग आहे, त्यातच ‘नीतिमयूख’ आहे आणि तिथं बुद्धिबळाचं विवेचन येतं. माळ्यावरची खोली धाकट्याला की थोरल्याला, आणि उंट कुठल्या घरात जाऊ शकतो, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसानं हाताळले. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर हाय. दोन्हीकडं भांडण घरावरनंच.”

नातवानं मात्र पुन्हा मोबाइल काढला आणि आता जगज्जेतासुद्धा संगणकासमोर टिकत नाही, हे दाखवून दिलं. तिथं अण्णांचा निश्चय झाला. ज्या खेळात प्यादं न गेलेल्या घरात मरतं आणि शेवटी डबा जिंकतो, तो खेळायचा नाही. आपला आपण काढायचा.

पट शोधायला ते माळ्यावर गेले आणि एक जुना चौकड्यांचा तुकडा घेऊन खाली आले. काळा आणि पांढरा, त्यांच्याच मागावर नमुना म्हणून विणलेला. ओट्यावर पसरला, आठ बाय आठ घरं खडूनं आखून घेतली. नातवानं एका नजरेत चूक काढली.

“आजोबा, हा पट चुकलाय. एक काळं एक पांढरं पाहिजे. ह्यात अर्धी घरं करडीच आहेत.”

अण्णांचा चेहरा असा उजळला की चूक काढणाऱ्याला ताबडतोब पश्चात्ताप व्हावा. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता. पुढचा अर्धा तास ओट्यावर विणकामाचा वर्ग भरला. साध्या विणीत उभे पट्टे काळे-पांढरे, आडवे पट्टेही काळे-पांढरे. काळ्यावर काळा आला की घर काळं. पांढऱ्यावर पांढरा आला की पांढरं. आणि उभा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा आला, की घर करडं. चौसष्टात सोळा काळी, सोळा पांढरी आणि बत्तीस करडी. निव्वळ काळ्या-पांढऱ्या घरांचा पट साध्या मागावर निघत नाही; तो छापावा लागतो किंवा दुहेरी कापड विणावं लागतं. “बुद्धिबळाचा पट हा सुतारानं केलेला हाय,” अण्णांनी निकाल दिला, “विणकराला विचारलंच न्हाई.”

इथं मी थोडी भर घातली. आपल्याकडचा जुना पट रंगीत नव्हताच. अष्टापद म्हणून जो आठ बाय आठचा पट होता तो नुसत्या रेघांचा. काही घरांत फुल्या असायच्या, बस. घरं एकाआड एक रंगवायची कल्पना युरोपातली. इकडं जाजमावर रेघा ओढून, फरशीवर खडूनं आखून डाव व्हायचे आणि उंट आपल्या तिरक्या वाटेनं बरोब्बर जायचा. तेव्हा अण्णांचा करडा पट हा परंपरेविरुद्ध आहे असं म्हणायला फारशी जागा नव्हती.

मग त्या पटानं जी गंमत दाखवली ती मला अजून पुरेशी पचलेली नाही. तिरकं चालणारं मोहरं काळ्या घरात ठेवलं, तर ते पांढऱ्या आणि काळ्या घरांतूनच फिरतं, करड्यात त्याचा पाय पडत नाही. करड्यात ठेवलं तर जन्मभर करड्यातच. घोडा मात्र प्रत्येक उडीला शुद्ध घरातून करड्यात आणि करड्यातून शुद्ध घरात. नेहमीच्या पटावरही हाच हिशेब असतो म्हणा, पण तिथं तो काळा-पांढरा दिसतो. इथं त्याला एकदम चारित्र्य आलं.

अण्णांनी ताबडतोब तिरक्या मोहऱ्याचं नाव ठेवलं: सूत दलाल.

“दोन द्यायचे ना? उंट दोन असतात,” नातू म्हणाला. “एक करड्या घरातला, एक शुद्ध घरातला.”

“करड्या घरातला देतो,” अण्णा म्हणाले. “शुद्ध घरातनं चालणारा दलाल मी चाळीस वर्षांत बघितलेला न्हाई.”

शेवटी तडजोड झाली. दुसरा दलाल घेतला, पण त्याला सुरुवातीला पटाबाहेर बसवायचं. शुद्ध दलाल सापडला असं दोन्ही खेळाडूंनी एकमतानं जाहीर केलं तरच तो आत येणार. आजतागायत तो पटावर आलेला नाही.

बाकीची मोहरी भराभर जमली. राजाच्या जागी कारखानदार. त्याची कोंडी करायची, त्याला मारायचा नाही. मेला तर पगार कोण देणार? (बुद्धिबळातही राजाला कधी मारत नाहीत. तिथं कारण बहुधा हेच असावं.) वजिराच्या जागी जॉबर: आठी दिशांना वाट्टेल तितकी घरं, शिवाय अडकलेलं आपलं कुठलंही मोहरं एका चालीत मोकळं करायचा अधिकार. शोधकाचा स्वतःच्या व्यवसायाला झुकतं माप द्यायचा हक्क आम्ही मान्य केला. हत्तीच्या जागी धोटा. तो फक्त आडवा जाणार, पार काठापर्यंत जाणार आणि पुढच्या चालीला परत यायलाच लागणार. प्याद्यांच्या जागी कांड्या. कांडी तीन चाली चालली की सूत संपलं, ती उचलून दुसरी भरून ठेवायची. मोहरी म्हणून नट, बोल्ट, वॉशर आणि घासून गुळगुळीत झालेला एक खराखुरा धोटा; तो एकटाच तीन घरं अडवायचा. कांड्या म्हणून शेंगदाणे घेतले. तो निर्णय टिकला नाही, कारण मारलेल्या कांड्या बघणारे खाऊ लागले आणि पुढं पुढं न मारलेल्याही.

पहिल्या डावाला गल्लीतले निवृत्त गुरुजी आणि समोरचे, खरेखुरे कारखानदार असे दोघे बसले. कुणी सुरुवात करायची इथंच गाडी अडली. अण्णांचा नियम होता की वयानं मोठा असेल त्याची पहिली चाल. दोघांच्याही शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. साल एकच. आता त्या पिढीत शाळेत घालताना वय विचारलं की गुरुजी लोक सरसकट 1 जून लावून द्यायचे, हे सगळ्यांना माहीत. कारखानदार म्हणाले, “तुमच्याच लोकांनी केलेला घोळ हाय, तुम्हीच निस्तरा.” गुरुजी म्हणाले, तारखेपुरता घोळ असेल, ज्येष्ठता निर्विवाद आहे. शेवटी नाणं उडवलं. ते ओट्यावरून गटारात गेलं.

डाव सुरू झाल्यावर गुरुजींनी नियमांची वही मागवली आणि लाल पेन काढलं. ‘धोटा आडवा हलवता येईल’ असं अण्णांनी लिहिलं होतं. “हलवता येईल, की हलवावा? येईल म्हटलं तर मी नाही हलवणार. मग?” प्रश्न साधा नव्हता. खेळ काढणाऱ्या भल्याभल्यांचं घोडं इथंच पेंड खातं. ड्राफ्ट्समध्ये समोरचा मोहरा मारता येत असेल तर मारावाच लागतो, आणि त्या एका सक्तीवर सगळा डाव उभा आहे. बुद्धिबळात मारणं ऐच्छिक, पण आपली पाळी आली की हलणं सक्तीचं. गप्प बसून राहायची सोय नाही. तेवढी सोय असती तर निम्मे हरलेले डाव वाचले असते. अण्णांनी ‘हलवावाच’ केलं. त्याबरोबर दोन्हीकडचे धोटे एकाच ओळीत समोरासमोर आले, दोघांनाही हलणं सक्तीचं आणि दोघांनाही जागा नाही. गुरुजी विजयी मुद्रेनं मागं टेकले. आपण डाव जिंकल्यापेक्षा खेळ बंद पाडल्याचा आनंद त्यांना मोठा होता.

कारखानदारांची तक्रार निराळी. “आम्ही एका वेळी एकच घर सरकायचं?”

“तेही जास्तच दिलंय,” अण्णा म्हणाले. शिवाय त्या चालीला आणखी एक अट होती. कारखानदार हलवण्याआधी प्रतिस्पर्ध्यानं विचारायचं, ‘काय म्हणतोय बाजार?’ आणि खेळाडूनं न चुकता म्हणायचं, ‘मंदी.’ विसरला तर चाल गेली. हा नियम अण्णांनी समोरच्यांना पेचात पकडायला केला होता, पण तो उलटला. समोरचे एकदाही विसरले नाहीत. विचारायच्या आधीच म्हणायचे.

सगळ्यात वादळी ठरला तो ‘लाइट गेली’ हा नियम. डावात एकदाच, हवं तेव्हा, ‘लाइट गेली’ म्हणायचं. त्यासरशी समोरच्याचे धोटे दोन चाली बंद. कल्पना सुरेख होती. पण पहिल्याच डावात दोघांनीही पहिल्याच चालीला ‘लाइट गेली’ केलं आणि पुढचा डाव अंधारातच सुरू झाला, म्हणजे नियमाप्रमाणं. मग ‘दहाव्या चालीनंतरच’ अशी दुरुस्ती झाली. मग नातवानं ‘इन्व्हर्टर’ नावाचं मोहरं मागितलं. मग एका संध्याकाळी खरोखरच लाइट गेली आणि ती कुणाच्या खात्यात धरायची यावर इतका खल झाला, की लाइट आली तेव्हा कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्यातच नातवानं खडा टाकला. “आजोबा, नव्या मागाला आता धोटाच नसतो. रॅपिअर, एअरजेट... सूत हवेनं जातं.” अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “घोडदळ, हत्ती बंद होऊन किती वर्षं झाली? बुद्धिबळातनं काढलेत काय कुणी?” मला हे उत्तर बिनतोड वाटलं.

मी अण्णांना धीर द्यावा म्हणून इतर शोधकांच्या कहाण्या जमवल्या. त्या ऐकून धीर येतो की जातो हे ज्याचं त्यानं ठरवावं. लास्कर सत्तावीस वर्षं बुद्धिबळाचा जगज्जेता होता. मध्येच 1911 मध्ये त्यानं ‘लास्का’ नावाचा स्वतःचा खेळ काढला. त्याच्यानंतरचा जगज्जेता कापाब्लांका. सगळे डाव आता बरोबरीत सुटणार या काळजीनं त्यानं विसाच्या दशकात पट वाढवला आणि दोन नवी मोहरी घातली: एक उंट आणि घोड्याचा संकर, दुसरं हत्ती आणि घोड्याचा. फिशरनं 1996 मध्ये आणखी सोपी युक्ती काढली: मोहरी तीच, पण मागची ओळ चिठ्ठ्या टाकून मांडायची. 960 तऱ्हा होतात. अण्णांना ती पसंत पडली नाही. “पाहुणे आल्यावर काकू सतरंज्या टाकते तसली मांडणी,” एवढंच म्हणाले.

‘अरिमा’ची गोष्ट मात्र त्यांनी पूर्ण ऐकली. 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकानं कास्पारोव्हला हरवलं. ते बघून भारतीय वंशाच्या उमर सय्यद या अमेरिकेतल्या अभियंत्यानं ठरवलं की नेहमीच्याच पटावर, नेहमीच्याच सोंगट्यांनी खेळता येईल असा, माणसाला सोपा आणि संगणकाला अवघड खेळ काढायचा. खेळ त्याच्या लहानग्या मुलालाही समजला पाहिजे, अशी अट. नावही मुलाच्या ‘आमीर’वरूनच, उलट्या बाजूनं. 2002 मध्ये खेळ बाहेर आला. हत्ती, उंट, घोडा, कुत्रा, मांजर आणि ससे. मोठ्यानं लहानाला ढकलायचं किंवा ओढायचं, खड्ड्याच्या घरात नेऊन सोडायचं. ज्याचा ससा पलीकडं पोचला तो जिंकला. एका पाळीला चार पावलं, म्हणून चालींचे पर्याय हजारोंनी.

“ढकलायचं?” अण्णा खुलले. “हे आपल्याकडचं वाटतंय. मग? संगणकाला जमलं का?”

“2015 मध्ये जमलं. माणसं हरली.”

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे तेरा वर्षं टिकला. मला एवढी पुरेत.”

नातू तोवर आपल्या परीनं पुढं गेला होता. त्यानं अण्णांचे नियम संगणकाला शिकवायला घेतले. संगणक प्रत्येक नियमावर विचारायचा, असं झालं तर? आणि तसं झालं तर? अण्णांनी ते बंद करायला लावलं. “हे विचारायला गुरुजी आहेत की. त्यांना चार्जिंगपण लागत न्हाई.”

एवढं सगळं सुटलं असतं. पण अण्णांचा खेळ ज्या खडकावर आपटला तो पटावर नव्हताच. तो पटाभोवती उकिडवा बसला होता.

सांगलीत बुद्धिबळ कसं चालतं ते मी बघितलंय. नूतन बुद्धिबळ मंडळ 1941 पासूनचं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्यात हयात घातली. स्वाती घाटेंसारखी महिला ग्रँडमास्टर सांगलीनं दिली. स्पर्धा सुरू असली की हॉलमध्ये पंख्याचा आवाजही आगाऊ वाटतो. बघणारा तिथं हाताची घडी घालून, श्वास मोजून उभा असतो. आणि तिथून चार-पाच किलोमीटरवर आमच्या ओट्यावर बघणारा म्हणजे अर्धा खेळाडू, अर्धा पंच आणि उरलेला सगळा टीकाकार. कांडी उचलायला हात गेला की तिघे ‘आऽऽ’ करतात, दोघे ‘हां’ म्हणतात आणि एक जण नुसता हसतो. तो हसणारा सगळ्यात घातक.

बाहेरच्यानं डावात तोंड घालायचं की नाही, हे भांडणही काही आजचं नाही. सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, त्यांच्या घराण्यातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या बहिणींनी महिलांचं बुद्धिबळ गाजवलं. 1976 मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, त्यावर आक्षेप निघाले, वाद चढत चढत जागतिक संघटनेच्या अध्यक्षांपर्यंत, मॅक्स युवेंपर्यंत गेला. महिलांना अडवता येणार नाही, असा निकाल त्यांनी दिला. पटावर कोण बसणार हे ठरवायला जगाच्या अध्यक्षापर्यंत जावं लागतं, तर पटाबाहेर कोण बसणार हे अण्णा एकट्यानं कसं ठरवणार?

पण अण्णांनी ठरवलं. वहीत शेवटी ठळक अक्षरांत आलं: ‘बघणाऱ्यानं चाल सांगू नये. सांगितल्यास ती चाल खेळाडूला खेळावीच लागेल.’

माझ्या मते हा नियम प्रतिभेचा होता. त्या संध्याकाळी ओट्यावर सांगलीच्या हॉलसारखी शांतता पसरली. आयुष्यभर फुकट सल्ला देणाऱ्यांना प्रथमच जाणवलं, की आपलं ऐकलं तर काय होईल. हसणारासुद्धा हसेना, हसणं चाल धरलं तर काय घ्या! दोन डाव त्या शांततेत पार पडले आणि बघणाऱ्यांचे चेहरे उपास घडल्यागत झाले.

तिसऱ्या डावात कारखानदारांच्या पुतण्यानं शांतपणे गुरुजींना सुचवलं, “गुरुजी, जॉबर देऊन टाका की.” नियम तो नियम. गुरुजींना जॉबर द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी गुरुजी आपले दोन माजी विद्यार्थी घेऊन आले. त्यांनी कारखानदारांना इतक्या आपुलकीनं चाली सुचवल्या, की बिचारा कारखानदार पाच चालींत कोपऱ्यात कोंडला गेला. आठवड्याभरात हिशेब पक्का झाला: नीट खेळणारा माणूस नको, नीट सांगणारी माणसं पाहिजेत. दोन्ही बाजूंनी सल्लागारांची जमवाजमव सुरू झाली. बुधगावहून एक नामांकित सल्लागार आणला; त्याला खेळ येत नव्हता, पण आवाज मोठा होता. एकाच वेळी दोघांनी वेगवेगळ्या चाली सांगितल्या तर कुणाची धरायची, यासाठी अण्णांनी बघणाऱ्यांची वेगळी पाळी लावली, मग त्यांच्या जागा आखून दिल्या. त्या आखता आखता ओट्यावर दुसरा पट तयार झाला. पहिल्या पटावर आता फारसं कुणी बघत नव्हतं.

परवा हा प्रकार ऐन रंगात होता. गुरुजींच्या बाजूला चार बसलेले, समोर पाच, नातू पंच. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, “चहा ठेवलाय, उठा आता!”

ओट्यावर सगळे थबकले. कारखानदारांचा पुतण्या म्हणाला, सांगितलेली गोष्ट पाळलीच पाहिजे, वहीत लिहिलंय. गुरुजींच्या विद्यार्थ्यानं हरकत घेतली: काकूंना पट दिसत नाही, त्या बघणाऱ्यांत मोडत नाहीत. अण्णा म्हणाले, चाळीस वर्षांत तिला दिसलं न्हाई असं काहीच न्हाई. नातवानं वही चाळली. मधल्या काळात काकूंनी आणखी एकदा हाक मारली होती, म्हणजे चाल दोनदा झाली का, असा उपप्रश्न निघाला.

शेवटी गुरुजींनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि निकाल दिला: चाल वैध आहे. मात्र कुणी उठायचं ते सांगितलेलं नाही, सबब स्पष्टीकरण येईपर्यंत सर्वांनी बसून राहावं.